‘वारा नव्हता हो!’ फवारणीतल्या या चुका टाळा

खरीप आला की हे वाक्य ऐकून कान किटतात. औषध मारलं आपल्या वावरात, वाकडी झाली शेजाऱ्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि फवारणारा छातीठोकपणे सांगतो की वारा नव्हता. नसेलही. औषधाला धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडायला दर वेळी वारा लागतोच असं नाही.

पऱ्हाटीशेजारी २,४-डी तणनाशक

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक ही. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरकडच्या एका कास्तकाराने श्रावणात उघडीप बघून धुऱ्यावरचं तण जाळायला तणनाशक मारलं. सकाळी मारलं, नोझलवर हुड, म्हणजे थेंब अडवणारी टोपी, लावून मारलं. दुपारी ऊन तापलं. आठवड्याभरात शेजारच्या पऱ्हाटीचे शेंडे बघवेनात. नवी पानं अरुंद, बोटांसारखी चिरलेली, शिरा उठलेल्या, थेट भेंडीचं पान. शेजाऱ्याला वाटलं व्हायरस आला. कृषी केंद्रातून त्याने आधी झिंक आणलं, मग बोरॉन, मग कसलंसं टॉनिक. पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, गळायच्या त्या गळल्याच. मी गेलो तेव्हा धुऱ्यालगतच्या ओळी सर्वांत वाईट होत्या आणि आत जावं तसं नुकसान कमी. रोग इतकी शिस्त पाळत नाही. धुऱ्यावरच पडलेलं डबडं उचलून लेबल वाचलं: २,४-डी इथाइल इस्टर ३८ टक्के ई.सी. (पाण्यात मिसळायचं तेलकट द्रावण).

इस्टर हे २,४-डीचं उडून जाणारं रूप आहे. थेंब बरोबर तणावर पडले तरी ऊन तापलं की पानांवरून, ओल्या मातीवरून त्याची वाफ उठते. पंप खुंटीला लागल्यानंतरही ती उठत राहते, म्हणून ‘मारताना वारा नव्हता’ या बोलण्याला अर्थ नाही. अमाईन आणि सोडियम सॉल्ट या रूपांची वाफ कमी होते, पण त्यांचे बारीक थेंब उडायचे ते उडतातच, आणि कपाशी २,४-डीच्या बाबतीत फार हळवी. त्यामुळे पऱ्हाटी उभी असेपर्यंत आसपास २,४-डी कुठल्याच रूपात मारायचं नाही, असं मी सरळ सांगतो. धुरा विळ्याने कापा. मजूर मिळत नाही हे मलाही ठाऊक आहे. शेजाऱ्याशी वर्षभर चालणारं भांडण मजुरीपेक्षा महाग पडतं.

तणनाशकाचा पंपही वेगळा ठेवा. ‘धुतला ना’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, इस्टर रबरी नळीत मुरतं आणि पुढच्या फवारणीत बाहेर येतं.

शांत संध्याकाळी फवारा

ही दुसरी लाडकी चूक. दिवसभराची कामं आटोपून, वारा पडल्यावर, निवांत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आभाळ निरभ्र असलं की सूर्य कलताच जमीन गार होते आणि तिच्यालगतची हवाही. वर मात्र ऊबदार हवेचा थर राहतो. खालची हवा वर चढत नाही. बारीक थेंब त्यात लटकतात आणि उताराने सरकत नाल्याकडे, नाहीतर वस्तीकडे जातात. सूर्योदयाच्या सुमारासही तेच.

माझी सवय सांगतो. पंप भरण्याआधी धुऱ्यावर मूठभर पाचोळा पेटवतो. धूर वर जाऊन विरला तर कामाला लागायचं. कमरेइतक्या उंचीवर चादरीसारखा पसरून राहिला तर घरी जायचं. ऊन वर आल्यावर, पानं नुसती सळसळतील एवढी ताशी ३ ते १५ किलोमीटरची झुळूक चांगली. ती निदान कुठे जाते ते कळतं.

‘धुकं म्हणजे चांगली फवारणी’ हा गैरसमज

काटोल-नरखेडच्या संत्राबागांत एचटीपी गन, म्हणजे जास्त दाबाच्या पंपाची फवारणी बंदूक, आभाळाकडे धरून प्रेशर वाढवतात आणि ढग उठला की खूश होतात. तीन मीटरवरून १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब साधारण दहा सेकंदांत खाली येतो, २० मायक्रॉनचा चार मिनिटं तरंगतो. चार मिनिटांत तो कुठे पोचेल, हिशेब करा. तोवर त्यातलं पाणीही सुकतं आणि तो आणखी हलका होतो. प्रेशर उतरवा, नोझल झाडाजवळ न्या. घिसलेला नोझल फेका, दातात धरून फुंकू तर मुळीच नका.

बाकीच्या

तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तरी अजून रुमालच.

वाऱ्याकडे तोंड करून चालू नका.

अर्धी बाटली धान्याच्या खोलीत ठेवू नका.

‘उडालं ते संपलं’ म्हणू नका. एंडोसल्फान हे कीटकनाशक हवेवाटे आर्क्टिकपर्यंत पोचलेलं सापडलं आहे, तिथे कोणी कपाशी लावत नाही.

तुमच्याच पिकावर शेजारचं औषध आलं, तर त्याच दिवशी ओळींचे फोटो काढा, धुऱ्याकडून आत असे. शेजाऱ्याकडून औषधाचं लेबल आणि फवारणीची वेळ लिहून घ्या, आणि तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या. मात्रा कमी असेल तर पऱ्हाटी नवी पानं सरळ काढते. तोवर दुकानदार काहीही सांगो, त्याचं टॉनिक घेऊ नका.