कोकण किनाऱ्यावर पिझ्झाचं चालू हॉटेल विकत घ्यावं का, हे कसं ठरवाल?

विकणारा तुम्हाला हॉटेल बघायला बोलावणार ते मे महिन्यातल्या नाहीतर नाताळातल्या शनिवारी संध्याकाळी. टेबलं भरलेली असतात, बाहेर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागलेल्या असतात आणि ओव्हनपाशी उभ्या पोराला मान वर करायला सवड नसते. त्या संध्याकाळी हो म्हणू नका, बयाणा तर मुळीच देऊ नका.

कोकणातल्या धंद्याची खरी परीक्षा जुलैत होते. पाऊस सुरू झाला की सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात, वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते. भाडं, पगार आणि फ्रीजरचं बिल मात्र बाराही महिने चालू राहतं. तेव्हा पावसाळा धरून वर्षाअखेर हातात काय उरतं, एवढंच शोधायचं आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

गिऱ्हाईक कोण, ते आधी बघा

तारकर्लीला किंवा काशिदला आलेला माणूस पिझ्झा खायला आलेला नसतो. दुपारी त्याला सुरमईचं ताट हवं असतं, रात्री कोंबडी-वडे. पिझ्झा येतो तो संध्याकाळी, मुलं हट्टाला पेटली की, किंवा तिसऱ्या दिवशी मासे पुरे झाले की. हे गिऱ्हाईक पैसे सढळ हाताने देतं, पण पर्यटक नसले की तेही नसतं.

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबाग इथलं गणित वेगळं आहे. तिथे कॉलेजं आहेत, क्लास आहेत, नोकरदारांच्या वसाहती आहेत, वाढदिवस तर आठवड्याला असतात. मांडव्याला २०२० पासून मुंबईची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) येऊ लागल्यावर अलिबागच्या शनिवार-रविवारला जोर आला, हेही खरं. माझं स्पष्ट मत असं की पहिल्यांदाच हॉटेल घेणाऱ्याने समुद्र दिसणाऱ्या जागेपेक्षा एसटी स्टँडजवळची बाजारपेठेतली जागा आधी बघावी. तिथला गल्ला कमी चमकतो, पण श्रावणातही येत राहतो.

जागा आवडली तर पावसाळ्यातल्या मंगळवारी संध्याकाळी समोरच्या चहाच्या टपरीवर दोन तास बसा आणि किती बॉक्स बाहेर पडतात ते मोजा. तोच प्रकार एखाद्या रविवारी करा. पावसाळ्यात हॉटेलला कुलूपच असेल, तर तेही एक उत्तर आहे.

विक्री मोजायची ती मालाच्या बिलांवरून

वहीत काहीही लिहिता येतं. मोझरेला चीज, मैदा, गॅस आणि वीज यांची बिलं मात्र बाहेरच्या माणसांनी दिलेली असतात, आणि पिझ्झाच्या धंद्यात ती फार बोलकी असतात. कारण एका पिझ्झाला लागणारा माल जवळपास ठरलेला असतो.

ओव्हनपाशी उभं राहून एका पिझ्झावर पडणारं चीज आणि पिठाच्या एका गोळ्याचं वजन काट्यावर घ्या. समजा पिझ्झाला १०० ग्रॅम चीज पडतं आणि ऑगस्टच्या बिलांत ३० किलोची खरेदी दिसते. म्हणजे महिन्याला ३००, दिवसाला १० पिझ्झे. विकणारा "पावसातही तीस जातात" म्हणत असेल, तर उरलेलं चीज कुठून आलं ते विचारा. मैद्याच्या बिलांनी हाच हिशेब पुन्हा पडताळा. बिलावर नुसतं मोझरेला आहे की दुधाऐवजी वनस्पती तेलातून केलेलं अॅनालॉग चीज, हेही त्याच वेळी बघून घ्या. मेनूवर एक आणि पिझ्झावर दुसरं असेल, तर ते तुम्हाला बदलावं लागेल आणि प्रत्येक पिझ्झाचा खर्च वाढेल.

इलेक्ट्रिक ओव्हन असेल तर महावितरणची बिलं मागा. मागच्या महिन्यांचा युनिटचा वापर बिलावरच छापलेला असतो, त्यातून सीझन आणि पावसाळा यांतला फरक उघड होतो. गॅसचा ओव्हन असेल तर १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरच्या पावत्या मोजा. आत घरगुती लाल सिलिंडर दिसले, तर दाखवलेला नफा बेकायदा स्वस्त गॅसवर उभा आहे आणि तो तुमच्या हातात तसा राहणार नाही. शेवटी बँकेचं स्टेटमेंट आणि जीएसटीची विवरणपत्रं यूपीआयच्या जमेशी ताडून पाहा. "खरी विक्री जास्त आहे, कागदावर कमी दाखवतो" असं कुणी सांगितलं, तर भाव कागदावरच्या विक्रीवरच लावा.

मग वर्षाचा हिशेब मांडा

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण रीत हीच. विकणारा म्हणतो, दिवसाचा गल्ला १५ हजार. त्याला ३६५ ने गुणलं की ५४ लाखांच्या वर जातो आणि डोळे दिपतात. आता दिवस वेगळे करा: सीझनचे ११० दिवस १५ हजारांचे, साधे १३० दिवस ५ हजारांचे, पावसाचे १२० दिवस दीड हजाराचे, उरलेले ५ दिवस बंद. बेरीज २४ लाख ८० हजार.

त्यातून माल आणि पॅकिंग ३८ टक्के धरलं तर सुमारे ९ लाख ४२ हजार गेले. भाडं महिना २० हजारांप्रमाणे २ लाख ४० हजार, तीन माणसांचा पगार ५ लाख ४० हजार, वीज-गॅस ३ लाख, दुरुस्ती आणि किरकोळ १ लाख. उरले ३ लाख ५८ हजार. तुम्ही स्वतः उभे राहणार, त्याची महिना २० हजार मजुरी धरली की धंद्याचा नफा राहतो १ लाख १८ हजार. या हॉटेलचे कुणी १२ लाख मागत असेल, तर ते फिटायला दहा वर्षं लागतील. वर कर्ज काढलं असेल तर व्याजातच नफा जाईल. स्वतःची मजुरी वजा केल्यावर तीन वर्षांत पैसे सुटत नसतील, तर मी तरी तो भाव देऊ नये म्हणेन.

जागेचे कागद

कोकणात व्यवहार अडकतात ते बहुतेक इथेच. हॉटेल चालवणारा जागेचा मालक असेलच असं नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार त्याच्या नावाचा असतो, तो धंद्याबरोबर आपोआप तुमच्याकडे येत नाही. घरमालकाकडून तुमच्या नावाने नवा, नोंदणी केलेला करार हवा, आणि तो पैसे देण्याआधी.

घरमालक कोण, हे सातबाऱ्यावर बघा. पुष्कळदा तिथे आजोबांच्या नावाखाली दहा-बारा वारस असतात. एक भाऊ गावात, बाकीचे मुंबईत, आणि सही करायला पुढे येतो तो गावातला एकटा. बाकीच्यांची लेखी संमती नसेल तर गणपतीला सगळे घरी जमल्यावर तुमच्या हॉटेलचा विषय निघणार, हे धरून चाला. जमीन बिगरशेती आहे का, कुळाची नोंद आहे का, तेही तपासा.

किनाऱ्याजवळ सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो, खाडीकाठही सुटत नाही. "ग्रामपंचायतीची घरपट्टी भरतो की" हे उत्तर पुरेसं नाही. घरपट्टीची पावती कर भरल्याचं दाखवते, बांधकाम परवानगीचं दाखवत नाही. मूळ परवानगी बघा आणि वकिलाकडून वाचून घ्या.

अन्न परवाना विक्रीबरोबर मिळत नाही. एफएसएसएआयचा परवाना तुमच्या नावाने नवा काढावा लागतो. जीएसटीची थकबाकी मात्र पाठोपाठ येते: कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे धंदा विकण्याआधीच्या देण्याला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात. वीज, पाणी आणि किराणावाल्याची उधारीही लिहून घ्या.

सामान आणि माणसं

खाऱ्या हवेने फ्रीजरची कॉइल, ओव्हनचे बिजागर आणि एक्झॉस्टचा पत्रा लवकर गंजतो, म्हणून सामानाची किंमत मेकॅनिकला दाखवून ठरवा. दमट उन्हाळ्यात पिठाचे गोळे थंड ठेवले नाहीत तर यीस्ट ते सुसाट फुगवतं आणि गोळे आंबतात. वीज तीन तास गेली तर इथे काय करतात, हे विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या काही गावांत वीज यायला आठवडे लागले होते. जनरेटर आणि वादळ-पुराचा विमा खर्चात धरा.

पीठ कोण मळतं? मालक स्वतः मळत असेल, तर चव त्याच्याबरोबर जाणार. कुक मळत असेल तर सौद्याआधी त्याच्याशी वेगळं बोला: राहणार का, किती पगारावर, आणि शेतीच्या किंवा गावच्या कामाला किती दिवस जाणार.

सौदा

सगळं जुळलं तरी पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. करारात यंत्रांची यादी, नाव, फोन नंबर आणि सोशल मीडियावरचं पेज यांचा हक्क, आणि विकणाऱ्याने त्याच गावात पुन्हा पिझ्झाचा धंदा काढू नये ही अट लिहा. भाडेकरार आणि परवाना तुमच्या नावावर होईपर्यंत काही रक्कम मागे ठेवा, आणि त्याला महिनाभर सोबत उभं राहायला सांगा.

जागा पसंत आहे पण आकड्यांवर विश्वास बसत नाही, अशा वेळी एक वर्ष ठराविक रकमेवर चालवायला मागा आणि वर्षाअखेर ठरलेल्या भावात विकत घ्यायचा हक्क लेखी ठेवा. घरमालकाची संमती त्यालाही लागेल. करार जूनपासून सुरू करा. विकणारा नोव्हेंबरपासूनच हवा म्हणून अडून बसला, तर पावसाळ्याचे आकडे त्याला ठाऊक आहेत असं समजा आणि भाव त्याप्रमाणे खाली आणा.