जुनी बंद पिकअप ओढून घरी आणताना

सातारा जिल्ह्यात मळ्याच्या कडेला, गुऱ्हाळाच्या मागे किंवा गावाबाहेरच्या गॅरेजच्या आवारात वर्षानुवर्षे उभी असलेली एखादी जुनी पिकअप बहुतेक गावांत दिसते. इंजिन बसले, गिअरबॉक्स गेला किंवा पासिंगचा खर्च परवडला नाही म्हणून ती तिथेच राहते आणि एक दिवस मालक ती घरी आणून दुरुस्त करायची ठरवतो. अशा वेळी सगळ्यांचा विचार एकाच प्रश्नाभोवती फिरतो, तो म्हणजे ओढायला ट्रॅक्टर कोणाचा मिळेल. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. बंद गाडी ओढणे फारसे अवघड नसते, ती थांबवणे अवघड असते. त्यामुळे तयारीचा बहुतेक वेळ ब्रेक, स्टिअरिंग आणि चाके यांवरच खर्च झाला पाहिजे.

थोडा हिशोब केला की हे लक्षात येते. रिकामी पिकअप पावणेदोन टनांची धरली, तर सपाट डांबरी रस्त्यावर ती सरकवायला साधारण पंचवीस-तीस किलोचा जोर पुरतो. दोन माणसे ती ढकलू शकतात, ते यामुळेच. बारास एक अशा चढावर हाच जोर पावणेदोनशे किलोच्या आसपास जातो आणि भुसभुशीत रानात त्याहूनही वाढू शकतो. एवढे काम कोणताही ट्रॅक्टर सहज करतो. आता उलट बाजू पाहावी. ताशी 24 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सात मीटर पुढे जाते आणि दोन गाड्यांमधला दोर असतो जेमतेम पाच मीटरचा. म्हणजे पुढच्याने अचानक ब्रेक दाबला आणि मागच्याला ते कळून पाय पेडलवर जायला एक सेकंद लागला, तर पिकअपचे नाक ट्रॅक्टरवर आदळू शकते.

म्हणून पहिली तपासणी ब्रेकची. इंजिन बंद असले की ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलके करणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम मिळत नाही, पेडल दगडासारखे घट्ट लागते आणि गाडी थांबवायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोर द्यावा लागतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही तसेच जड होते. मागे बसणाऱ्याने हा फरक प्रत्यक्ष रस्त्यावर नव्हे, तर गाडी हलवण्यापूर्वीच अंगवळणी पाडून घ्यावा. पेडल दाबल्यावर ते घट्ट लागले आणि तसेच टिकून राहिले तर ठीक. ते हळूहळू खाली जात असेल किंवा पूर्णपणे फरशीला टेकत असेल, तर मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर किंवा पाइप यांपैकी काहीतरी गळते आहे. अशी गाडी दोराने ओढू नये. मग एकच पर्याय उरतो, तो म्हणजे क्रेन किंवा सपाट पाठीचे रिकव्हरी वाहन, आणि त्याचे भाडे कितीही जड वाटले तरी ते द्यावे. बिघाड फक्त क्लच किंवा गिअरबॉक्सचा असेल आणि इंजिन चालत असेल, तर मात्र वाटभर इंजिन न्यूट्रलवर चालू ठेवावे; ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही हलके राहतात.

गाडीला हात लावण्याआधी लांब काठीने बॉनेटखाली, सीटखाली आणि चाकांच्या मागे ठोकून पाहावे. वर्षभर न हललेल्या गाडीखाली घोणस किंवा नाग सापडणे आपल्याकडे अजिबात नवलाचे नाही, आणि बॉनेटखाली गांधीलमाश्यांचे पोळे तर हमखास असते. हे काम भरदिवसा करावे, पायांत बूट असावेत आणि लहान मुलांना लांब ठेवावे.

त्यानंतर चाके. जास्त दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत मागच्या ड्रमला ब्रेकचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) गंजाने चिकटून बसतात आणि हँडब्रेक ओढलेला असेल तर त्याची केबलही आत अडकते. पुष्कळ जण अशा वेळी ट्रॅक्टर लावून गाडी फरफटत नेतात, त्यात टायरचा एक भाग घासून जातो आणि लायनर उखडून ड्रममध्ये अडकतात. त्याऐवजी चारही चाकांपुढे-मागे दगड लावून एकेक चाक जॅकवर उचलावे, अॅडजस्टर सैल करावा आणि ड्रमच्या कडेवर हातोडीने गोल फिरत बेताचे ठोके द्यावेत. आधी ठोक्याचा आवाज बद्द येतो, फटीतून तांबूस गंजाची भुकटी गळू लागते आणि मग कधीतरी खट् असा आवाज होऊन चाक हाताला सुटते. न सुटल्यास ड्रम काढून लायनर साफ करावेत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र लाकडी ठोकळे दिल्याशिवाय कोणीही शिरू नये. चाक हाताने दोन-तीनदा फिरवून बेअरिंगचा खरखर आवाज येतो का तेही ऐकावे. टायरच्या बाजूच्या भिंतीला बोट शिरेल एवढ्या भेगा असतील तर कोणाकडून तरी धडके टायर दोन दिवसांपुरते मागून आणावेत आणि हवा दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिली असेल तेवढी भरावी.

पिकअपची ओढ मागच्या चाकांना असते, त्यामुळे गिअर न्यूट्रलमध्ये असला तरी चाकांबरोबर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरत राहतो. इंजिन बंद असल्याने आतले खालचे गिअर फिरत नाहीत, ऑइल वर उडत नाही आणि कोरड्या बेअरिंगांवर भार येतो. दोन-तीन किलोमीटर हळू जायचे असेल तर ते चालते. अंतर त्याहून जास्त असेल, किंवा बिघाडच गिअरबॉक्सचा असेल, तर मागच्या डिफरन्शियलकडचे (मागच्या एक्सलच्या मधल्या गोल्याकडचे) चार बोल्ट काढून शाफ्ट सोडवावा आणि चेसिसला तारेने घट्ट बांधून ठेवावा. सोडवण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जुळणाऱ्या चकत्यांवर) रंगाची एक रेघ मारावी, म्हणजे परत जोडताना शाफ्ट त्याच जागी बसतो आणि पुढे गाडी थरथरत नाही. शाफ्ट काढल्यावर गिअरमध्ये टाकून गाडी उभी राहत नाही, म्हणून चाकांखालचे दगड तोपर्यंत हलवू नयेत. डिफरन्शियलच जाम असेल तर मागची चाके उचलल्याशिवाय गत्यंतर नाही.

स्टिअरिंग लॉकची किल्ली शोधून ती चालू स्थितीत ठेवावी; किल्ली हरवली असेल तर लॉक आधी मेकॅनिककडून काढून घ्यावे. चार्ज केलेली एक 12 व्होल्टची बॅटरी तात्पुरती जोडली की इंडिकेटर, ब्रेकचा दिवा आणि हॉर्न सुरू होतात, आणि वाटेत पुढच्याला थांबवायला मागच्याजवळ हॉर्नशिवाय दुसरे भरवशाचे साधन नसते.

आता जोडणी. शक्य असेल तर लोखंडी दांडा वापरावा, कारण दांड्यामुळे मागची गाडी पुढच्यावर चढत नाही. साखर कारखान्याच्या परिसरातील ट्रॉली दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये दोन्ही टोकांना डोळे असलेला असा दांडा मिळू शकतो किंवा बनवून घेता येतो. दांडा नसेल तर जाड नायलॉनचा दोर किंवा पट्टा घ्यावा, ज्याची तुटण्याची क्षमता गाडीच्या वजनाच्या किमान दुप्पट असेल. विहिरीवरच्या मोटारीचा उतरवलेला सोल यासाठी घेऊ नये. वरून धड दिसला तरी उन्हाने तो कमजोर झालेला असू शकतो. गाठीच्या जागी दोराची ताकद जवळजवळ निम्म्यापर्यंत घटते, शिवाय ओढ बसल्यावर ती गाठ हाताने सुटत नाही, म्हणून डी-शॅकल, म्हणजे पिन लावून बंद होणारी डी आकाराची लोखंडी कडी, वापरावे. तारेचा रोप किंवा साखळी लवचीक नसते, धक्का थेट हुकावर येतो आणि ती तुटली तर सुटलेले टोक माणसाला जायबंदी करू शकते. नाइलाजाने ती वापरावी लागली, तर मधोमध ओले गोणपाट टाकावे, म्हणजे तुटलेले टोक उसळण्याऐवजी खाली पडते. दोर कोणताही असो, त्याला ताण येत असताना त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणीही उभे राहू नये आणि तो कोणी ओलांडू नये.

पिकअपला दोर चेसिसच्या टो-हुकालाच लावावा. बंपर, टाय रॉड, पाट्यांचे शॅकल किंवा पुढचा एक्सल ही ओढ घेण्यासाठी बनवलेली नाहीत. ट्रॅक्टरच्या बाजूला याहूनही कडक नियम आहे: ओढ फक्त खालच्या ड्रॉबारवरूनच (ट्रॅक्टरच्या मागे तळाशी असलेल्या ओढपट्टीवरूनच) घ्यायची. दोर वरच्या टॉप लिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी किंवा एक्सलच्या वर बांधला आणि रुतलेली गाडी जोराने ओढली, तर ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलते आणि तो चालकाच्या अंगावर मागे उलटतो. हे घडायला क्षणभरच लागतो आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो, म्हणजे पिकअपपेक्षा थोडाच जड. त्यामुळे याहून लहान ट्रॅक्टर रस्त्यावर घेऊ नये. शेतात सुटे ठेवलेले डाव्या-उजव्या ब्रेकचे दोन पेडल रस्त्यावर येण्यापूर्वी एकमेकांना जोडावेत, नाहीतर ब्रेक एकाच चाकाला लागून ट्रॅक्टर आडवा होतो.

गाडी काळवट रानात असेल तर पावसानंतर घाई करू नये. वाफसा येईपर्यंत थांबावे, मग चाकांपुढची माती खोऱ्याने मोकळी करून त्यात मुरूम किंवा पाचट घालावे आणि दोर ताणून सावकाश ओढावे. ढिला दोर ठेवून झटका देण्याची पद्धत सर्रास दिसते, पण दोर आणि हूक तुटतात ते वजनाने नव्हे, तर त्या झटक्याने.

कायद्याच्या बाजूनेही काही अटी पाळाव्या लागतात. 1989च्या रस्ते नियमावलीत ओढल्या जाणाऱ्या गाडीत त्या प्रकारच्या वाहनाचा परवाना असलेला चालक बसलेला असणे, दोन गाड्यांतील अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसणे, दोर इतरांना स्पष्ट दिसेल अशी व्यवस्था असणे आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत असणे या गोष्टी सांगितल्या होत्या. मागच्या बाजूला पांढऱ्या पाटीवर किमान 75 मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहिण्याचीही अट होती. आजही याच मर्यादा धरून चालावे. दोराच्या मध्यावर लाल फडके बांधले की दोन गाड्यांच्या मधून घुसू पाहणारा दुचाकीस्वार वेळीच थांबतो. ओढणाऱ्या वाहनाची विमा पॉलिसी वाचून पाहावी. बंद पडलेले एक वाहन ओढण्याची मुभा नेहमीच्या पॉलिसीत असते, पण त्यासाठी भाडे घेतलेले चालत नाही आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचे नुकसान त्यात भरून मिळत नाही.

रस्ता निवडताना लांबचा पण सपाट रस्ता घ्यावा. कऱ्हाड, रहिमतपूर, कोरेगाव या कृष्णेकाठच्या पट्ट्यात हे काम तुलनेने सोपे आहे. यवतेश्वर, पसरणी, केळघर, कुंभार्ली किंवा खंबाटकी या घाटांतून दोराने गाडी ओढू नये, असे मी ठामपणे सांगेन. उतारावर दोर ढिला पडतो, सगळा भार बूस्टर नसलेल्या ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. गाडी कास पठाराकडे किंवा महाबळेश्वरच्या बाजूला अडकली असेल तर ती वाहनावर चढवूनच खाली आणावी. राष्ट्रीय महामार्ग 48 वर दोराने ओढत जाणे टाळावे, सेवारस्त्याने किंवा आतल्या रस्त्याने जावे; महामार्गावरच गाडी बंद पडली असेल तर 1033 या क्रमांकावर मदत मागता येते. ऊसतोडणीच्या हंगामात संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, म्हणून सकाळी उन्हे वर आल्यावर निघावे आणि अंधार पडण्यापूर्वी नक्की पोहोचता येईल एवढेच अंतर धरावे.

निघण्यापूर्वी दोन्ही चालकांनी खुणा ठरवाव्यात: एक हॉर्न म्हणजे निघा, दोन म्हणजे सावकाश, लांब हॉर्न म्हणजे लगेच थांबा. गावात गाडी हलते म्हटले की पंधरा माणसे जमतात आणि प्रत्येक जण ‘जाऊ द्या, जाऊ द्या’ म्हणतो. सूचना देणारा माणूस एकच असावा आणि बाकीच्यांनी गप्प राहावे. पुढच्याने पहिल्या गिअरमध्ये इंचाइंचाने दोर ताणून मग वेग घ्यावा, ब्रेक दाबण्याआधी हात दाखवावा आणि वळण रुंद घ्यावे, कारण मागची गाडी आतल्या बाजूला कापत येते. मागच्याने दोर सतत ताठ राहील इतपत हलका ब्रेक लावत राहावे. थांबायची वेळ आली की आधी ब्रेक मागच्याने लावावा. दोर सैल पडून पुढच्या चाकाखाली गेला तर तत्काळ थांबावे. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबून ड्रमला हात जवळ नेऊन उष्णता पाहावी आणि शॅकलची पिन तपासावी.

वाटेत गाडी गिअरमध्ये टाकून इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे पडून असलेल्या इंजिनात ऑइल खाली बसलेले असते, पाणी शिरलेले असू शकते, आणि ते अचानक सुरू झाले तर पिकअप थेट ट्रॅक्टरवर जाते.

घरी आणल्यावर गाडी कुठे उभी करायची ते आधीच ठरलेले असावे. बॉनेट मोकळ्या बाजूला राहील आणि इंजिन उतरवायला चेन ब्लॉक लावता येईल एवढी जागा पुढे सोडावी, खाली मुरमाची किंवा फरशीची कडक जमीन असावी. आधी चाकांपुढे-मागे दगड लावावेत, मगच दोर सोडावा. हँडब्रेक ओढून ठेवू नये, लायनर पुन्हा चिकटतील. तात्पुरती बॅटरी काढून घ्यावी, आणि शाफ्टचे चारही बोल्ट डब्यात घालून तो डबा गाडीतच, चालकाच्या सीटखाली ठेवावा.