वैशाखात उजनीवर गळ टाकायला निघण्यापूर्वी

पहिलं काम पेटीतले गळ मोजायचं नाही, धरणात पाणी किती आहे ते बघायचं. जायचा दिवस ठरला की त्याच्या आठवडाभर आधीपासून उजनीचा रोजचा आकडा वहीत टिपत चला. सोलापुरात तो शोधावा लागत नाही. एप्रिल संपत आला की चहाच्या टपरीवरही ‘उजनी मायनसमध्ये गेली का?’ एवढंच विचारतात. गळ टाकणाऱ्यानं मात्र हा आकडा वेगळ्या नजरेनं वाचायचा. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलेलं तळचं पाणी. पातळी ४९१.०३ मीटरच्या खाली गेली की कागदावर धरण शून्याखाली उतरतं, पण निम्म्याहून जास्त पाणी तेव्हाही खाली असतं आणि यशवंतसागरातला, म्हणजे उजनीच्या जलाशयातला, सगळा मासा तेवढ्यात गोळा झालेला असतो. उणे आकडा ऐकून बेत मोडू नका.

त्या आकड्यापेक्षाही तो रोज किती हलतोय हे महत्त्वाचं. कालव्याला किंवा नदीला पाणी सोडलेलं असेल तर पातळी झपाट्यानं उतरते, आणि मासा उथळातून निघून जुन्या पात्राच्या कडेला जाऊन बसतो. पाणी बंद होऊन तीन-चार दिवस पातळी थांबली, की आधी चिलापी परत उथळाला येते, मग बाकीचे. इतक्या उन्हाळ्यांत मला हा हिशेब क्वचितच चुकलेला दिसला. म्हणून वहीत फक्त टक्के लिहू नका, कालच्यापेक्षा आज किती कमी तेही लिहा.

मग जागा. सोलापूरहून पुणे हायवेनं टेंभुर्णी दीड-पावणेदोन तासांत येते. तिथून करमाळ्याच्या रस्त्याला लागलं की कंदरच्या केळीच्या बागा सुरू होतात, आणि पुढे वांगी, ढोकरी, चिखलठाण, कुगाव, केत्तूर अशी काठची गावं. कुठल्या गावाला जायचं हे ओळखीवर ठरवा, कारण या पाण्याचा खरा नकाशा माणसांकडे आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याआधीच्या भीमेत जे पोहले, ते आज साठी-सत्तरीत आहेत. पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांना नमस्कार करून विचारा, “आजोबा, जुनी नदी कुठून जायची? डोह कुठं होता?” ते हात करून दाखवतात: तिथं वळण, तिथं आमराई, तिथं गावची विहीर, त्या अंगाला दगडी बांध. मासा आजही त्याच वळणाला, त्याच बांधाच्या आडोशाला असतो. फक्त एक भान ठेवा. तुम्ही माशाची जागा विचारताय आणि ते आपलं बुडालेलं घर दाखवताहेत. घाईत विचारू नका, चहा घेतल्याशिवाय उठू नका. परवान्याचं आणि जाळी कुठं लावलीत याचं तिथल्याच मच्छीमारांना आदल्या दिवशी विचारून घ्या. ज्यांचं पोट या पाण्यावर आहे, त्यांच्या जाळ्याजवळ गळ टाकायचा नाही.

आता गाळ. पाणी मागे सरकलेली जमीन वरून भेगाळलेली, टणक दिसते आणि आत दही असतं. सहा-सात वर्षांपूर्वी वांगीच्या अंगाला माझा मित्र पाण्यापासून वीस पावलांवर मांडीपर्यंत रुतला. ओढलं की मीही खचत होतो. शेवटी शेतीच्या पाण्याच्या मोटारीपाशी पडलेली फळी आडवी टाकून तो पोटावर सरपटत बाहेर आला. तेव्हापासून गाडीत दोन गोष्टी कायम असतात: छातीएवढी बांबूची काठी आणि वीस मीटर दोर. काठी आधी, पाय नंतर. जिथं गुरं पाण्यावर उतरतात तिथूनच उतरा, गुरांना कळतं. आणि शेतकऱ्यांनी मोटारीपर्यंत पाणी आणायला पोकलेननं खणलेल्या चाऱ्या असतात, त्यांपासून जपा. कडा उभ्या, माती सैल, आणि खोली वरून कळत नाही. चारीच्या तोंडाशी मासा हमखास असतो हे खरं, पण गळ लांबून टाका. शिवाय तिथं मोटारींच्या केबली पाण्यातून गेलेल्या असतात. गळ केबलला अडकला तर ओढाताण न करता तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, कापून टाका.

पाण्याचा रंग पोचल्या पोचल्या बघा. पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि पाणी आटलं की उजनी हिरवीगार होते. हे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं, त्यामुळे हिरव्या, थांबलेल्या पाण्यात पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्यात गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. म्हणून ‘तांबडं फुटायच्या आत गळ पाण्यात’ हा हिवाळ्यातला नियम वैशाखात कोंडलेल्या खाडीवर चालत नाही. मासा वर येऊन तोंड उघडझाप करतोय असं दिसलं की तो खाणार नाही हे समजा आणि जागा बदला. मोकळ्या पाण्याची, वारा ज्या काठावर आदळतो ती बाजू धरा. लाटांनी पाणी ढवळतं, प्राणवायू मिसळतो, वाहून आलेलं खाद्यही तिथंच साठतं. तोंडावर वारा घेऊन गळ फेकायला त्रास होतो, पण मासा तिथंच. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास उजाडतं. माझा चांगला वेळ साडेसहा ते साडेनऊ. मरळ या सगळ्याला अपवाद. तो वर येऊन हवा घेतो, त्यामुळे थांबलेल्या, गवताळ कडेलाही मिळतो. पाण्यावर ‘डुब्ब’ झालं की तिथं रबरी बेडूक अलगद ओढत आणा.

आमिषाची तयारी आदल्या संध्याकाळी. चिलापीला आणि वामीला गांडूळ लागतं, आणि मे महिन्यात गांडूळ मिळवणं हेच खरं अवघड. कोरड्या जमिनीत खणून हाती काही लागत नाही. गोठ्यामागचा ओला उकिरडा किंवा केळीच्या बागेतली ड्रिपची नळी उचलून बघा, अर्थात मालकाला विचारून. ओल्या गोणपाटात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवा, प्लास्टिकच्या डब्यात ती दुपारपर्यंत उकडून मरतात. रोहू, मृगळ आणि सायप्रिनससाठी कणीक, त्यात शेंगदाण्याची पेंड बारीक कुटून, घट्ट मळून. गरम पाण्यात सैल कणीक पाच मिनिटांत विरघळते. मृगळ तळाला खातो, तिथं वजनाला शिसं लावा. रोहू मधल्या पाण्यात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं बारीक खाणारा, त्याच्यासाठी तरंगी लावून आमिष हात-दीड हातावर ठेवा. शिंगाडा आणि वाम रात्रीचे. रात्री थांबायचं असेल तर गावातला माणूस बरोबर हवाच.

सामानाबद्दल थोडक्यात. चिलापीला बारीक गळ आणि हलका तंगूस, मोठ्या माशाला आठ-दहा किलोचा ताण सोसणारा. बुडालेली बाभळीची खोडं फार आहेत, तेव्हा गळ आणि शिसं दुप्पट घ्या. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, खिशात घाला. पक्ष्यांच्या पायात अडकतो.

ऊन मात्र हलक्यात घेऊ नका. पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि काठावर झाड नसतं. माणशी पाच लिटर पाणी घरून न्या, धरणाचं तोंडात घालू नका. लिंबू, मीठ, साखर वेगळं बांधून घ्या. सोलापुरी टॉवेल ओला करून डोक्यावर आणि मानेवर. टोपीपेक्षा मला तो जास्त उपयोगी पडतो. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कारण दोन्ही उन्हात बिघडत नाहीत. दहीभात नेऊ नका.

आणि वळीव. दुपारी वारा एकदम पडला, घुसमटायला लागलं, क्षितिजावर धुळीची भिंत उभी राहिली आणि गार झुळूक अंगाला लागली, की आवरायला घ्या. मासा लागलेला असला तरी. एवढ्या रुंद पाण्यावर वाऱ्याला अडवायला काहीच नाही, लाट बघता बघता चढते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला जाणारी बोट अशाच वादळात उलटली आणि सहा जण गेले. ती माणसं मासेमारीला नव्हे, नेहमीच्या वाटेनं पलीकडे निघाली होती. म्हणून माझा नियम: मे महिन्यात होडीत बसायचंच असेल तर सकाळी, लाइफ जॅकेट अंगात घालून, आणि अकराच्या आत काठावर. दुपारी तीननंतर आकाशाकडे बघत राहायचं. विजा सुरू झाल्या तर रॉड आधी खाली ठेवा. कार्बनच्या रॉडमधून वीज सहज जाते. मग गाडीत बसा, झाडाखाली नाही.

मासा घरी आणायचा तर थर्माकोलच्या खोक्यात जेवढा मासा तेवढा बर्फ. बर्फ टेंभुर्णीतच घ्या. पकडलेला मासा कडेच्या कोमट पाण्यात बांधून ठेवू नका, तासाभरात मरून खराब होतो. तिथल्या तिथं पोट आणि कल्ले काढा, पाणी हिरवं असल्यानं आतलं काहीच खाण्यात घेऊ नका, आणि ती घाण पिशवीत भरून लांब पुरा. सकर मासा लागला तर परत सोडू नका, तो इथला नाही.

सोडायचे ते वेगळे. वैशाखात रोहू-कटल्याच्या माद्या अंड्यांनी भरायला लागलेल्या असतात, आषाढातल्या लोंढ्यात त्या अंडी घालतात. रोहूच्या मादीत किलोमागे दोनेक लाख अंडी असतात. पोट फुगलेलं, मऊ लागलं तर हात ओले करून धरा, गळ काढा, पाण्यातच डोकं वाऱ्याकडे करून धरून ठेवा. गरम पाण्यात ती दमलेली असते, सावरायला वेळ लागतो. शेपटी जोरात मारून ती स्वतःच हातातून निसटली की मग हात सोडा.