आयरिसला नुसती पानंच येतायत? या चुका टाळा

अमेरिकेत शेजारीपाजारी पिशवी भरभरून बिअर्डेड आयरिसचे (पाकळीवर दाढीसारखे केस असलेलं, कंदापासून वाढणारं फुलझाड) कंद वाटतात, आपण हौसेने लावतो आणि मग दोन-तीन वर्षं पानं जोरात, फुलाचा पत्ता नाही. बहुतेक वेळा कंद खोल पुरलेला असतो. आलं-हळद लावायची सवय असलेला हात आपोआप दोन-तीन इंच खाली जातो, पण इथे मुळं मातीत आणि कंदाची पाठ वर उघडी, उन्हात तापणारी पाहिजे. खोल गेला असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये उकरून वर घ्या, पुढच्या स्प्रिंगला फूल नाही आलं तर लगेच परत हलवू नका, एखादा सीझन जातोच.

ऊन सहा तास तरी हवं, झाडाखालच्या सावलीत नाद सोडा.

लॉनचं खत आणि लॉनचे स्प्रिंकलर हे तर याचे वैरीच. नायट्रोजनने पानं माजतात, कंद भुसभुशीत होतो, त्यात रोज पाणी आणि वरून मल्चचं, म्हणजे पालापाचोळा-सालींचं, पांघरूण, मग सडणारच! अंगठ्याने दाबून बघा, पिचपिचीत लागला आणि घाण वास आला की सॉफ्ट रॉट समजा. उपटून सगळा टाकायची गरज नाही, घट्ट पांढरा भाग लागेपर्यंत कापा, प्रत्येक काप झाला की चाकू ब्लीचच्या पाण्यात बुडवा, कंद एक-दोन दिवस सावलीत सुकवून परत लावा.

कधीकधी मूळ कारण अळी असते. पूर्वेकडे आणि मिडवेस्टात आयरिस बोरर फार, स्प्रिंगमध्ये पानांवर पाणी उतरल्यासारख्या रेघा दिसल्या की तो आत शिरलाय, तिथेच पान चिमटून अळी चिरडा, नाहीतर ती खाली जाऊन कंद पोखरते. त्याचा पतंग फॉलमध्ये वाळक्या पानांवर अंडी घालतो म्हणून फ्रॉस्टनंतर ती पानं काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पण उन्हाळ्यात नीटनेटकं दिसावं म्हणून हिरवी पानं छाटू नका हां, कंदाचं पोट त्यांच्यावरच भरतं.

आणि तीन-चार वर्षांनी गर्दी मोडा. एकदा फुललेला कंद परत फुलत नाही, फुलतात ती त्याची पिल्लं, तेव्हा मधला म्हातारा कंद बिनधास्त फेका आणि पिल्लं फूट-दीड फुटावर लावा.

पुण्या-मुंबईकरांनी मात्र ऑनलाइन फोटो बघून हे कंद मागवू नयेत, याला लागते तशी थंडी तिथे पडत नाही. त्यापेक्षा वॉकिंग आयरिस लावा, फूल एकच दिवस टिकतं पण दांड्यावर आपोआप रोपं येतात. फक्त वरचे नियम त्याला लावू नका, त्याला अर्धी सावली आणि ओलसर मातीच आवडते.