उद्यमवर कोड टाकताना या चुका टाळा, नाहीतर टेंडर टेक्निकलमध्येच उडतं

चतुर्थीच्या आधीची गोष्ट. माझ्या मेव्हण्याचं गोव्यात कुंडईला लाकडी फर्निचरचं वर्कशॉप आहे, पाच-सहा सुतार, बाक-टेबलं सगळं स्वतः बनवतो. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, केंद्राच्या एका संस्थेचं बाकांचं टेंडर निघालं तर याने भरलं आणि रेट उघडायच्या आधीच, टेक्निकल तपासणीतच, बाहेर पडला, कारण ईएमडी, म्हणजे टेंडरसोबतची अनामत रक्कम, भरली नव्हती. मला फोन. "अरे मी एमएसएमई, मला ईएमडी माफ ना?" माफ असते, पण त्याचं उद्यम सर्टिफिकेट (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) उघडलं तर त्यावर धंद्याचा प्रकार सांगणारा एकच एनआयसी कोड, ४७५९, म्हणजे घरगुती सामान आणि फर्निचरची किरकोळ विक्री. एजंटने विचारलं धंदा कसला, हा म्हणाला फर्निचरचं दुकान, एजंटने ट्रेडिंग टिक केलं, झालं काम! पाहिजे होता ३१००१, लाकडी फर्निचरचं उत्पादन.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून नीट सांगतो. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतात खरं, पण बँकेच्या प्रायॉरिटी सेक्टर (प्राधान्य क्षेत्राच्या) कर्जापुरतं, बाकी काही नाही. सरकारी खरेदीचे जे फायदे आहेत ते २०१२ च्या खरेदी धोरणातून येतात, सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून (एमएसई) वर्षाला २५ टक्के खरेदी, त्यातले ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून, ईएमडी माफ, शिवाय तुमचा रेट एल-वनच्या (सगळ्यात कमी रेटवाल्याच्या) १५ टक्क्यांच्या आत असला आणि एल-वनवाला एमएसई नसला तर त्याच्या रेटला खाली येऊन माल द्यायची संधी. यातलं काहीच ट्रेडरला मिळत नाही. बनवणारा किंवा सर्व्हिस देणारा पाहिजे. आणि हे धोरण केंद्राची खाती आणि केंद्राच्या कंपन्यांना लागू, म्हणजे वास्कोचं शिपयार्ड, मुरगाव पोर्ट वगैरे. राज्याच्या खात्याचं किंवा पालिकेचं टेंडर असेल तर त्यांच्या अटी वेगळ्या वाचा, "तिकडे चाललं म्हणजे इकडे पण चालणार" असं धरून बसू नका.

आपल्याकडे गंमत अशी की बरेच जण स्वतःला दुकानदारच समजतात. पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, घ्या. पाव विकतो म्हणून दुकान म्हणायचं? भट्टी त्याची, पीठ तो मळतो, तो सरळ उत्पादक आहे, कोड १०७११. उलट मुंबईहून खुर्च्या आणून नुसतं स्टिकर लावून देणाऱ्याने उत्पादनाचा कोड टाकला तर कागदावर एमएसई दिसेल, पण जेमवर मालाचा उत्पादक कोण ते बघतात, आणि उद्यम सगळं स्वतःच्या जबाबदारीवर भरलेलं असतं, खोटं निघालं तर दंड आहे. ती हुशारी नको.

दुसरा घोळ नाव सारखं पण काम वेगळं असला की होतो. एसीवाले बघा, नवीन एसी बसवणं ४३२२ मध्ये येतं, घरगुती एसीची दुरुस्ती ९५२२ मध्ये, आणि टेंडर बहुतेक वेळा वर्षभराच्या मेंटेनन्सचं असतं. हॉटेलवाल्याकडे ५६१० असतो, रेस्टॉरंटचा, आणि तो हॉस्पिटलच्या कँटीनचं टेंडर भरायला जातो, तिथे ५६२९२ जास्त बरोबर बसतो. तेव्हा टेंडरचा स्कोप ऑफ वर्क आधी वाचा, मग कोड शोधा. उद्यमच्या फॉर्मवर पहिला सुचवलेला कोड डोळे झाकून घेऊ नका, शेवटी ९ असलेले कोड बऱ्याचदा "इतर" वाले असतात, घाईत तेच गळ्यात पडतात. एनआयसी २००८ या कोडच्या यादीत पाच आकडी १३०४ प्रकार आहेत, तुमचं काम कुठेतरी असणारच.

म्हणून वीस कोड भरून ठेवायचे असंही नाही. किती कोड टाकावेत याला बंधन नाही हे खरं, उत्पादन आणि सर्व्हिस एकाच उद्यमवर चालतात, पण फर्निचर, सिक्युरिटी, कॅटरिंग, सॉफ्टवेअर सगळं एका सर्टिफिकेटवर बघितलं की तपासणारा माणूस हसतो आणि मग बाकीचे कागद पण बारकाईने बघतो. खरंच करता तेवढेच टाका.

एनआयसी आणि एचएसएनची गल्लत पण रोज बघतो. एनआयसी धंद्याचा, उद्यमवर. एचएसएन मालाचा, जीएसटीच्या बिलावर, सर्व्हिस असेल तर ९९ ने सुरू होणारा. जेमची कॅटेगरी तिसरीच. तिन्ही एकमेकांशी आपोआप जुळत नाहीत, तुम्हालाच बघायला लागतं. जीएसटी सर्टिफिकेटसाठी फॉर्ममध्ये मुख्य पाचच वस्तू लिहितात, म्हणून सहाव्या वस्तूचं बिल करता येत नाही असं नसतं, करता येतं, पण टेंडरवाला माल त्या पाचात असला तर प्रश्नच येत नाहीत. वस्तूंच्या यादीतला हा बदल नॉन-कोअर (किरकोळ) असतो, ऑनलाइनच होतो.

आणि सिव्हिल कॉन्ट्रॅक्टर मंडळींनी जास्त आशा ठेवू नका, बांधकामाच्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला २०१२ चं धोरण लागत नाही, कोड कितीही बरोबर असला तरी.

आता चुकलेलं असेल तर. उद्यमच्या सरकारी साइटवर जा, शेवटी गव्ह डॉट इन आहे ना बघा, अपडेटमध्ये उद्यम नंबर आणि मोबाइलवरचा ओटीपी टाका, कोड जोडा, नको तो काढा. नंबर तोच राहतो, आणि फी शून्य, म्हणून हजार-दोन हजार मागणाऱ्याला सरळ नको म्हणा. फक्त जुना मोबाइल बंद झाला असेल तर अडकायला होतं, तो नंबर आधी नीट करून घ्या. नवीन सर्टिफिकेटवर कोडसमोर तारीख येते, म्हणून टेंडर बंद व्हायच्या आदल्या रात्री हे काम काढू नका. नंतर जेमच्या प्रोफाइलमध्ये उद्यम परत व्हेरिफाय करा, मेव्हण्याने नेमकं तेच केलं नव्हतं, दुसऱ्या टेंडरला पण दोन दिवस ट्रेडरच दिसत होता.