‘बारकी गाडी’ नेमकी किती बारकी? बंद पडलेल्या नॅरोगेज लाईनचा माग कसा काढावा

“आमच्याकडं बारकी गाडी होती की,” असं अथणी-कागवाडच्या बाजूला कुणी म्हातारं माणूस म्हणालं, की लगेच नॅरोगेजची, म्हणजे रुळांमधलं अंतर (गेज) सगळ्यांत कमी असलेल्या लाईनची, वही उघडू नका. ‘आधी वयस्करांना भेटा’ हा सल्ला सगळेच देतात. भेटाच, पण बारकी म्हणजे किती बारकी, हे कळल्याशिवाय उठू नका.

रुंद रुळांची ब्रॉडगेज बघितलेल्या माणसाला एक मीटर अंतराची मीटरगेजही बारकीच. आमची मिरज-बेळगाव-लोंढा लाईन 1990च्या दशकापर्यंत मीटरगेज होती. खरी नॅरोगेज म्हणजे मिरजेहून पंढरपूरला जाणारी बार्शी लाईट रेल्वे, अडीच फुटी, 762 मिलिमीटरची. ती मिरजेपर्यंत आली 1927 साली. पुढं एक काळ असा होता की मिरजेत तिन्ही गेज एकत्र नांदत होते. शेडबाळला मीटरगेजची गाडी धरून मिरजमार्गे वारीला गेलेल्या आजोबांनी त्या प्रवासात दोन वेगवेगळ्या बारक्या गाड्या बघितल्या, आणि साठ वर्षांनी आठवणीत त्यांची एकच झाली. म्हणून ‘गाडी कशी होती’ विचारू नका. ‘कुठं उतरून दुसरीत बसायचा?’ आणि ‘समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागायचा का?’ हे विचारा. उत्तर कन्नडमधून येत असेल तर ‘सण्ण गाडी’चंही तेच समजा.

नकाशे सोपे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने, एका इंचाला एक मैल प्रमाणाचे पत्रक घ्या: मिरजेसाठी 47 एल गटातलं, अथणीसाठी 47 पी मधलं, बेळगावसाठी 48 आय मधलं. समासातलं छपाईचं नव्हे, मोजणीचं वर्ष बघा. बेळगाव जिल्ह्याचं 1884चं गॅझेटियर गावांच्या माहितीसाठी उत्तम, पण त्यात धावती गाडी शोधू नका. सदर्न मराठा रेल्वे बेळगावात त्यानंतर आली.

आता स्लीपर, म्हणजे रुळांखालचं आडवं लाकूड. इथं मी स्वतः आपटलोय.

एका गोठ्याच्या दारात मला चौकटीला उभा केलेला जुना लाकडी स्लीपर सापडला. टेप लावला, दीड मीटर भरला. अडीच फुटीचा स्लीपर 1500 मिलिमीटर, मीटरगेजचा 1800, म्हणजे नॅरोगेजच! त्या एका लाकडावर मी शेतातून जाणारी अख्खी लाईन कागदावर आखली, चौघांना दाखवलीसुद्धा. पुढच्या खेपेला मालकानं हसत सांगितलं, “दाराला लांब व्हायला लागला म्हणून करवत लावली.” वर ते लाकूड लिलावात घेऊन बैलगाडीनं आणलेलं. म्हणजे गेजही चुकला आणि जागाही.

तेव्हा लांबी मोजत बसू नका, भोकं मोजा. रूळ जिथं बसतो तिथं लाकूड दबून खाच पडलेली असते. तिच्या एका बाजूला आतला खिळा, दुसऱ्या बाजूला बाहेरचा, सहसा तिरक्या रेषेत. डाव्या खाचेच्या मध्यापासून उजव्या खाचेच्या मध्यापर्यंत टेप धरा. गेज रुळांच्या डोक्यांच्या आतल्या कडांमध्ये मोजतात, त्यामुळं तुमचा आकडा डोक्याच्या रुंदीइतका, चार-सहा सेंटिमीटर, जास्तच येणार. 80 सेंटिमीटरच्या आसपास आला तर अडीच फुटी. 105च्या आसपास आला तर मीटरगेज, गप घरी जा. 65 आला तर दोन फुटी, म्हणजे बहुधा एखाद्या खाणीची किंवा कारखान्याची ट्रॉली. एकाच लाकडाला दहा भोकं असतील तर ते पुन्हा-पुन्हा ठोकलेलं आहे, खाच शोधा. आणि कापून एकच खाच उरली असेल तर ते लाकूड काहीही सांगत नाही, फोटो काढून सोडून द्या. स्लीपर गेज सांगतो, मार्ग कधीच सांगत नाही.

मार्ग सांगतात ते जमिनीचे कागद. पण कुठल्या दप्तरात जायचं, हे आधी ठरवा. बेळगाव जिल्हा 1956पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि मधेमधे संस्थानांचे तुकडे: आज बेळगावच्या पोटात असलेलं शहापूर सांगली संस्थानचं, रायबाग कोल्हापूरचं. संस्थानी गावाचा कागद ब्रिटिश दप्तरात शोधून मी एक अख्खा उन्हाळा घालवलाय. संस्थानी कागद मोडीतही निघतात. वाचणारा माणूस आधी गाठा, मग अर्ज करा.

गाव नकाशात लांब, अरुंद, दोन्हीकडच्या शेतांना छेदून जाणारी सलग पट्टी दिसली की तिचा सर्व्हे नंबर लिहून घ्या आणि उताऱ्यात मालकाच्या जागी काय आहे ते बघा. उपग्रहाच्या चित्रात कालवाही तसाच दिसतो, पण कालवा टेकाडाला वळसा घालतो, रेल्वे खोदून आरपार जाते.

शेवटी जागेवर जा, शेताच्या मालकाला विचारून. जायचं ते ऊसतोड झाल्यावर. उभ्या उसात हातभर उंचीचा भराव पायाखाली असूनही दिसत नाही.