कॅमेरे तेच ठेवून क्लाउडवर कसे न्यायचे: छापखान्यातल्या नऊ कॅमेऱ्यांवरून

आमच्या छापखान्यात नऊ कॅमेरे आहेत. पाच आयपी कॅमेरे, आणि चार त्यांच्याही आधीचे, काळ्या कोॲक्स केबलने डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीला, जोडलेले. मी इथलं नेटवर्क सांभाळते. कॅमेरे हे माझं मूळ काम नव्हे, हळूहळू अंगावर आलेलं. एकदा डीव्हीआरची डिस्क बसली आणि नेमकं त्याच आठवड्याचं फुटेज मागायला साहेब दारात उभे. ‘‘कॅमेरे चालू होते ना? मग दिसत का नाही?’’ त्या दिवशी ठरवलं की रेकॉर्डिंगची एक प्रत इमारतीबाहेर असलीच पाहिजे. सगळे कॅमेरे बदला, असा सल्ला पहिल्याच माणसाने दिला. आम्ही एकही बदलला नाही.

मधे एक गेटवे बसवला. गेटवे म्हणजे आपल्याच जागेत, आपल्याच स्विचला जोडलेली छोटी पेटी. ती कॅमेऱ्यांकडून चित्र घेते आणि क्लाउडकडे पाठवते. जोडणी नेहमी आतून बाहेर सुरू होते, ब्राउझर उघडल्यासारखी, टीएलएस या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद होऊन. त्यामुळे राउटरवर एकही पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडावा लागत नाही. कोणी ‘पोर्ट फॉरवर्डिंग करून टाकू, पटकन होईल’ म्हणालं तर ऐकू नका. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने फॅक्टरी पासवर्डवर चालणारे, इंटरनेटला उघडे पडलेले कॅमेरे आणि डीव्हीआरच हाताशी धरले होते. त्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला डिन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर असा मारा केला की कितीतरी मोठ्या साइट काही तास उघडेनात. राउटरमध्ये यूपीएनपी नावाची आपोआप पोर्ट उघडणारी सोय चालू असेल तर तेही आजच बंद करा, कारण कॅमेरा त्यातून स्वतःच बाहेरचं दार उघडून घेऊ शकतो.

आधी कागद, मग पेटी

गेटवे बसवायला मला एक दुपार लागली. त्याआधीची यादी करायला दोन दिवस लागले, आणि खरं काम तेच होतं. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर लिहा: जागा, मॉडेल, आयपी पत्ता, युजरनेम, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर), कोडेक (चित्र दाबून लहान करण्याची पद्धत), रेझोल्यूशन, बिटरेट (सेकंदाला किती डेटा). आयपी पत्ते राउटरच्या यादीत सापडतील, किंवा ऑनव्हिफ शोधणाऱ्या एखाद्या टूलमध्ये. ऑनव्हिफ ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना एका भाषेत बोलायला लावणारी व्यवस्था आहे. २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ती सुरू केली. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती मुद्दाम बंद ठेवलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, आणि काही ठिकाणी तिच्यासाठी युजरही वेगळा बनवावा लागतो.

पत्ते कायमचे करून टाका. राउटरमध्ये राखून ठेवा किंवा कॅमेऱ्यातच लिहा, पण एकच पद्धत धरा. आमच्याकडे दोन्ही होत्या, आणि दोन कॅमेरे एकाच पत्त्यावर आलटून पालटून बोलत होते. अर्धा दिवस मी केबल बदलत बसले होते.

कोॲक्सवरच्या जुन्या कॅमेऱ्यांना स्वतःचा आयपी पत्ता नसतोच. त्यांचं चित्र डीव्हीआरकडून घ्यायचं, चॅनेल क्रमांकाने. पाठीमागे पीओई पोर्ट (एकाच केबलने नेटवर्क आणि वीज देणारे) असलेला एनव्हीआर, म्हणजे आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, असेल तर आणखी एक गंमत: त्या पोर्टांना लावलेले कॅमेरे एनव्हीआरच्या स्वतःच्या खासगी नेटवर्कमध्ये राहतात, तुमच्या स्विचवरून दिसत नाहीत. ते हरवलेले नाहीत. त्यांनाही एनव्हीआरमार्फतच गाठा.

व्हीएलसीत दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका

प्रत्येक कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता, म्हणजे त्याचं चालू चित्र (स्ट्रीम) जिथे मिळतं तो पत्ता, शोधा आणि लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’मध्ये टाकून बघा. आरटीएसपीचा नेहमीचा पोर्ट ५५४. पत्त्याचा शेवटचा भाग कंपनीगणिक बदलतो. हाइकव्हिजनमध्ये १०१ म्हणजे पहिल्या चॅनेलचा मुख्य स्ट्रीम (पूर्ण दर्जाचा) आणि १०२ म्हणजे त्याचाच सब-स्ट्रीम (हलका, कमी दर्जाचा). दाहुआमध्ये चॅनेल वेगळा लिहितात आणि ‘सबटाइप’ शून्य म्हणजे मुख्य, एक म्हणजे सब. इथे चित्र आलं तर गेटवेतही येण्याची शक्यता भरपूर. इथे आलं नाही तर गेटवेला दोष देऊ नका.

पासवर्डमध्ये @ असेल तर पत्ता फसतो, कारण आरटीएसपीच्या पत्त्यात त्याच चिन्हापुढे कॅमेऱ्याचा आयपी सुरू होतो. त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे चाळीस लिहावं लागतं. मी सरळ गेटवेसाठी प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळा युजर काढला, फक्त बघण्याच्या हक्काचा, लांबलचक पण निव्वळ अक्षरं-अंकांचा पासवर्ड देऊन. ॲडमिनचा पासवर्ड गेटवेला देण्याचं काहीच कारण नाही. आणि चुकीचा पासवर्ड सारखा सारखा टाकू नका. बरेच कॅमेरे काही चुकांनंतर तुम्हाला काही वेळ कुलूप लावतात, मग बरोबर पासवर्डही चुकीचा वाटायला लागतो.

चित्र राखाडी फासल्यासारखं, तुटक येत असेल तर स्ट्रीम यूडीपीवरून येत असावा; त्यात वाटेत हरवलेला डेटा परत मागितला जात नाही. तो परत मागणारी टीसीपी पद्धत निवडा. गेटवेतही तेच.

घड्याळ

या एका गोष्टीवर माझी एक आख्खी संध्याकाळ गेली, म्हणून सविस्तर सांगते.

मालाच्या दरवाज्यावरचा कॅमेरा व्हीएलसीत दिसत होता, पण गेटवेने ऑनव्हिफने जोडायला घेतला की ‘पासवर्ड चुकीचा’. पासवर्ड तीन वेळा बदलला. कॅमेरा फॅक्टरी रीसेट केला. परत तेच. शेवटी चित्राच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे पाहिलं तर ती अगदी बरोबर होती, आणि तिनेच मला चकवलं. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये पासवर्डसोबत पाठवण्याची वेळ मिसळून सही तयार होते, आणि ती वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, असते. कॅमेऱ्याच्या यूटीसीत आणि गेटवेच्या यूटीसीत फार फरक पडला की कॅमेरा ती सही शिळी म्हणून नाकारतो. आमच्या कॅमेऱ्यात टाइम झोन कारखान्यातून आला तसाच होता, आणि कोणीतरी पूर्वी घड्याळाचे आकडे हाताने फिरवून पडद्यावरची वेळ जुळवली होती. म्हणजे स्थानिक वेळ बरोबर, यूटीसी कित्येक तास चुकीची. व्हीएलसीचा आरटीएसपी मार्ग असल्या वेळेची पर्वा करत नाही, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

तर आधी टाइम झोन, मग एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवण्याची सोय). एनटीपीचा सर्व्हर म्हणून गेटवेचाच किंवा राउटरचा आतला पत्ता द्या, कारण पुढे आपण कॅमेऱ्यांचं इंटरनेट तोडणार आहोत. डीव्हीआरलाही हाच नियम. फुटेज पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर दोन कॅमेऱ्यांतला सात मिनिटांचा फरक समजावून सांगत बसावं लागतं.

किती पाठवायचं याचा हिशेब

१ एमबीपीएसचा स्ट्रीम दिवसभर चालला की १०.८ जीबी होतात. एवढा एक आकडा पाठ असू द्या, बाकी सगळं गुणाकारात येतं. आमचे पाच आयपी कॅमेरे मुख्य स्ट्रीमवर प्रत्येकी ४ एमबीपीएस, डीव्हीआरचे चार चॅनेल प्रत्येकी २. एकूण २८. आमच्या लाइनचा अपलोड संध्याकाळी मोजला तेव्हा १८ भरला. (डाउनलोडचा मोठा आकडा इथे कामाचा नाही. आणि वायफायवर मोजू नका, केबल लावून मोजा.)

म्हणून मुख्य गेट आणि मालाचा दरवाजा एवढ्या दोघांचाच मुख्य स्ट्रीम क्लाउडवर जातो, ८ एमबीपीएस. उरलेल्या सातांचा सब-स्ट्रीम, प्रत्येकी अर्धा, म्हणजे साडेतीन. एकूण ११.५, दिवसाला सुमारे १२४ जीबी. बाकीच्या कामासाठी लाइनवर जागा राहते. सगळ्यांचा मुख्य स्ट्रीम गेटवेतल्या २ टीबी डिस्कवर थांबतो. २८ एमबीपीएसच्या हिशेबाने दिवसाला ३०२ जीबी, म्हणजे साडेसहा दिवसांचा साठा. बऱ्याच सेवांत हालचाल झाली तेवढीच क्लिप पाठवायची सोय असते, त्याने भार पुष्कळ कमी होतो. पण मी गेटसाठी ती वापरत नाही. हालचाल ओळखण्यात कॅमेरा चुकला तर तो क्षण क्लाउडवर नसतोच.

गेटवेत डिस्क साधी एसएसडी किंवा कॅमेऱ्यांसाठी बनवलेली हार्ड डिस्क असावी. मेमरी कार्डवर दिवसरात्र लिहिलं की ते झिजतं.

कॅमेऱ्यातल्या दोन सेटिंगकडे लक्ष द्या. पहिली, कोडेक. एच.२६५ जागा वाचवतो, पण सगळे ब्राउझर तो दाखवत नाहीत. मग पडदा काळा, किंवा गेटवे बिचारा सगळं एच.२६४ मध्ये बदलत बसतो आणि तापतो. आम्ही सब-स्ट्रीम सरळ एच.२६४ वर ठेवला. दुसरी, की-फ्रेमचं अंतर. की-फ्रेम म्हणजे पूर्ण चित्र, आणि ते दर एक-दोन सेकंदांनी यायला हवं. फ्रेम सेकंदाला १५ असतील तर अंतर १५ किंवा ३० फ्रेमचं ठेवा. ‘स्मार्ट कोडेक’ नावाचा जो पर्याय असतो तो हे अंतर स्वतःच्या मर्जीने लांबवतो, मग क्लाउडवर कॅमेरा उघडला की कितीतरी सेकंद नुसतं गोल फिरत राहतं. तो बंद.

कॅमेऱ्यांना वेगळं घर

कॅमेऱ्यांसाठी वेगळा व्हीएलएएन, म्हणजे त्याच स्विचवर इतरांपासून तोडलेलं नेटवर्क, काढा. गेटवेला दोन नेटवर्क पोर्ट असतील तर एक कॅमेऱ्यांकडे, एक राउटरकडे. कॅमेऱ्यांकडच्या पोर्टवर ‘डीफॉल्ट गेटवे’ (आपली पेटी नव्हे, तर बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) लिहू नका, नाहीतर पेटी इंटरनेट भलत्याच बाजूला शोधत बसते. फायरवॉलमध्ये कॅमेऱ्यांच्या बाजूने बाहेर जाणारं सगळं बंद. गेटवेला बाहेर जायला पोर्ट ४४३ आणि वेळेसाठी पोर्ट १२३ एवढं बहुतेकदा पुरतं. तुमच्या सेवेला आणखी काही लागतं का ते तिच्या माहितीपत्रकात बघा.

गेटवेचा पाय कॅमेऱ्यांच्याच व्हीएलएएनमध्ये हवा. ऑनव्हिफचा शोध मल्टिकास्टवर (एकाच वेळी अनेकांना घातलेल्या हाकेवर) चालतो, ३७०२ पोर्टवर, आणि तो एका व्हीएलएएनमधून दुसऱ्यात आपोआप जात नाही. यादी रिकामी आली तर पहिला संशय इथेच घ्या. पत्ता हाताने टाकला तर शोध लागला नाही तरी काम भागतं.

आता पेटी

खरं सांगायचं तर इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. पेटी लावा, तिचं फर्मवेअर आधी अपडेट करा, पेटीवरच्या कोडने ती क्लाउडच्या खात्याशी जोडा. खात्याला दुहेरी पडताळणी लावा, कारण आता ते खातं म्हणजे नऊ कॅमेऱ्यांची किल्ली आहे. मग कॅमेरे एकेक करून जोडा. एकदम नऊ नाही. एक जोडा, दहा मिनिटं चालू द्या, गेटवेचा प्रोसेसर किती वर गेला ते बघा, मग दुसरा. नावं जागेवरून द्या: ‘कॅम ३’पेक्षा ‘कागद गोदाम, मागची भिंत’ हे रात्री अडीच वाजता पटकन कळतं.

एक कॅमेरा जोडला की दुसरीकडचा बंद पडतो, असं झालं तर कॅमेऱ्याची एकाच वेळी स्ट्रीम देण्याची मर्यादा संपली आहे. एनव्हीआर, गेटवे, रखवालदाराचा मॉनिटर, कोणाच्या तरी फोनमधलं जुनं ॲप, सगळे त्यालाच मागत असतात. आमच्याकडे गुन्हेगार फोनमधलं ॲपच निघालं, तेही नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या. त्या निमित्ताने सगळे जुने युजर पुसले.

आवाजाचं रेकॉर्डिंग गरज नसेल तर बंद ठेवा, आणि शेजारच्याची खिडकी चित्रात येत असेल तर कॅमेऱ्यातच प्रायव्हसी मास्क ओढा. गेटवेत किंवा क्लाउडवर नको, कारण तोवर चित्र कॅमेऱ्याबाहेर पडलेलं असतं.

सगळं झाल्यावर मी राउटरची बाहेरची केबल उपटली. वीस मिनिटं थांबले, मालाच्या दरवाज्यातून दोनदा चालत गेले, केबल परत लावली. पंधरा मिनिटांत ते चालणं क्लाउडवर आलं, बरोबर वेळेसह. तुमच्याकडे ती वीस मिनिटं कोरी राहिली तर गेटवेत साठवून नंतर पाठवण्याचं सेटिंग बंद आहे. ते चालू करून पुन्हा केबल उपटा. मग पेटीची वीज काढून तीच चाचणी. आमची पेटी वीज आल्यावर आपोआप सुरू होत नव्हती, बायोसमध्ये, म्हणजे पेटी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक पर्याय बदलावा लागला. आता ती, स्विच आणि राउटर तिघेही एकाच यूपीएसवर आहेत, आणि नऊ कॅमेऱ्यांची यादी पासवर्ड वगळून रॅकच्या दाराला आतून चिकटवली आहे.